पावसात झेब्रावर गाडी सटकते, खोट पट्ट्यात की माझ्यात?

पार्ल्याची_स्कूटरवाली

मंडळी, आधी किस्सा सांगते मग प्रश्न. मंगळवारी सकाळी ऑफिसला निघाले होते, पाऊस म्हणजे नुसती रिपरिप, धो धो वगैरे नाही. सिग्नल पिवळा झाला, माझ्यापुढे एक रिक्षा, तिने सवयीप्रमाणे स्टॉप लाइन सोडली, झेब्रा सोडला आणि मग त्याच्यापुढे जाऊन गचकन ब्रेक मारला. मी पस्तीस-चाळीसला असेन, मीपण ब्रेक दाबला तो नेमका झेब्रावर. पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर होतं आणि गाडी अशी गेली की जणू खालून कोणी सतरंजी ओढली. डाव्या कुशीवर आडवी. गुडघा सोलला, रेनकोट फाटला, डबा उघडून भेंडीची भाजी अख्ख्या झेब्रावर. मागचा बसवाला वेळेत थांबला म्हणून आज हे टाइप करतेय.

आता प्रश्न. डांबरावर ह्याच पावसात हाच ब्रेक मारते तर काही होत नाही. मग पट्ट्यांचा रंगच गुळगुळीत असतो का? त्याला काही नियम आहे की दिसला पांढरा म्हणजे झालं? घरी नवरा म्हणतो तुला ब्रेक मारता येत नाही, सासूबाई म्हणतात ट्रेनने जा. टायर आठ महिन्यांपूर्वीच बदललेत, सो ते कारण नको. आणि जागा मुद्दाम सांगत नाहीये, नाहीतर धागा 'हा रस्ता कोणाचा' ह्यावर जाईल आणि तिथेच संपेल.

भांडुपचा_बायकर

ताई गुडघा कसा आहे आता? टिटॅनस घेतलं ना?

एकट्या नाही तुम्ही, आपण सगळेच कधी ना कधी आडवे झालोय. मुंबईत पावसात माझी ब्लॅकलिस्ट अशी: मेट्रोच्या कामाला टाकलेल्या लोखंडी प्लेटा एक नंबर, मग फ्लायओव्हरच्या सांध्यातली पट्टी, मग गटाराचं झाकण, शेवाळ धरलेले पेव्हर ब्लॉक, आणि मग हे पांढरे पट्टे. पट्टे शेवटी आहेत कारण बाकीचे डोळ्याला धोकादायक दिसतात म्हणून आपण आपोआप स्लो होतो, पट्ट्याला कोण घाबरतंय. जूनमधला पहिला आठवडा तर विचारूच नका, आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात कालवून रस्त्यावर नुसता चिखलाचा साबण असतो, चांगला दोन-तीन तास झोडपून पाऊस पडला की मग जरा धुवून निघतं. रिपरिप जास्त वाईट ती ह्याच्यासाठी.

नवऱ्याला सांगा एकदा तुमची स्कूटर घेऊन झेब्रावर ब्रेक मारून दाखव.

थर्मोवाला

ह्या विषयावर मी बोलणारच. सात वर्षं पट्टे मारायच्या कामावर होतो, सुपरवायझर म्हणून, आता सोडलं (पाठ गेली). कंपनीचं नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच चालतं.

पहिलं म्हणजे ताई, तो रंग नसतो. गल्लीत ब्रशने मारतात तो रंग, मोठ्या रस्त्यावर थर्मोप्लास्टिक. पोत्यातून पावडर येते, बॉयलरमधे 180-200 डिग्रीला वितळवायची, डोशाच्या पिठासारखी झाली की हातगाडीच्या डायमधून रस्त्यावर ओढायची. थर साधारण अडीच मिलिमीटर. मालात राळेसारखा बाइंडर असतो, टायटॅनियमची पांढरी पावडर, फिलर आणि 30 ते 40 टक्के बारीक काचेचे मणी. शिवाय पट्टा गरम असतानाच वरून पण मणी भुरभुरायचे, चौरस मीटरला 250 ग्रॅम. रात्री हेडलाइट पडला की पट्टा चमकतो तो ह्या मण्यांमुळे.

आता घसरायचं कारण. डांबरी रस्ता हाताने चाचपून बघा, खडी वर आलेली असते, मधे खाचा असतात, टायरखालचं पाणी त्या खाचांत पळतं आणि रबर खडीला धरतं. आपण त्याच्यावर अडीच मिलीचा प्लास्टिकचा थर ओततो, खाचा बुजल्या. पाणी जाणार कुठे? पट्ट्यावरच पातळ थर धरून बसतं. सिमेंटच्या रस्त्याचं पण तेच, ओल्या काँक्रीटवर मुद्दाम रेघा ओढलेल्या असतात त्या आपल्या मालाने भरून निघतात.

ह्याच्यावर उपाय माहीत असलेला आहे, नवीन काही नाही. वरून नुसते मणी टाकायचे नाहीत, त्याच्यात कडक टोकदार कच मिसळायची, क्वार्ट्झची वगैरे. ती पट्ट्यातून वर राहते आणि रबराला धरते. पण बिलात दिसतं काय, पट्ट्याची लांबी आणि जाडी. तपासायला साहेब येतो तो रात्री टॉर्च मारून चमक बघतो, कच आहे का नाही ते टॉर्चमधे दिसत नाही. आणि कच जास्त टाकली तर चमक थोडी कमी होते, धूळ पण धरते, पट्टा लवकर काळा पडतो. मग खर्चातून पहिली कच उडते, दुसरं प्रायमर (माल रस्त्याला चिकटावा म्हणून आधी मारायचा थर) उडतं.

अजून एक, मुंबईपुरतं. ओल्या रस्त्यावर थर्मो धरत नाही. म्हणून पावसाआधी, मे महिन्यात, रात्री बारा ते पाच धावपळ असते. जुना पट्टा खरवडून काढायला वेळ कोणाला, त्याच्यावरच नवीन ओढतात. परत पुढच्या मेमधे अजून एक. असे थर चढत जातात आणि पट्टा रस्त्यापेक्षा उंच होतो, कडेला पाणी साठतं. आणि हा सगळा ताजा गुळगुळीत माल पंधरा दिवसांत पहिल्या पावसाला भेटतो.

खड्डेपुराण

थांबा थांबा, म्हणजे रस्त्यावर काचेच्या गोट्या टाकतात आणि वर आम्हाला विचारतात घसरलात का? 😂 मणी बंद करा ना सरळ.

थर्मोवाला

मणी बंद केले तर रात्री पट्टा दिसणार नाही आणि समोरचा तुमच्या लेनमधे येईल, चालेल? मणी गोट्यांसारखे फिरत नाहीत, निम्म्याहून जास्त मालात रुतलेले असतात, साखरेच्या दाण्यापेक्षा बारीक. नुसते मणीच मणी असले तर गुळगुळीत, सोबत कच असली तर बरं. आणि बसच्या चाकांनी मणी उखडून गेले, वर टायरने घासून घासून पॉलिश झाली तर त्याहून वाईट, तो पट्टा रात्री चमकत पण नाही आणि दिवसा धरत पण नाही.

तसंही मुसळधार पावसात मण्यांवर पाणी चढलं की चमक जातेच, हायवेवर रात्री पट्टे गायब होतात ते त्यामुळे. पण त्याला उत्तर मोठे मणी, उंचसखल पट्टा असं आहे, मणी बंद करणं नाही.

लॅबमधला_बाळ्या

थर्मोवाले काकांनी बरंच सांगितलं, मी मोजणीचं सांगतो. सिव्हिलच्या लॅबमधे काम करतो.

ताईंनी विचारलं नियम आहे का. आहे. एक यंत्र असतं, ब्रिटिश पेंडुलम टेस्टर. घड्याळाच्या लंबकासारखा दांडा, त्याच्या टोकाला रबराचा तुकडा. पट्टा आधी पाण्याने भिजवायचा (कोरड्यावर मोजत नाहीत, कोरड्यावर सगळेच पास), दांडा सोडायचा, रबर पट्ट्याला साधारण 126 मिलिमीटर घासत जातं आणि दांडा पलीकडे किती वर चढतो त्यावर आकडा. कमी चढला म्हणजे पट्ट्याने जास्त धरलं, आकडा मोठा. युरोपात पट्ट्यांचा सगळ्यात खालचा वर्ग 45 पासून सुरू होतो, मग 50, 55 असे वर. आपल्याकडच्या हायवेच्या स्पेसिफिकेशनमधे पण थर्मोप्लास्टिकला 45 च आहे. म्हणजे कागदावर आपण मागे नाही. मोजायला रस्त्याचा तुकडा बंद करावा लागतो, यंत्र लेव्हलला लावा, रबराचं तापमान बघा, एका जागी पाच वेळा लंबक सोडा. एवढं कोण करतंय ट्रॅफिकमधे.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी वर कोणी बोललं नाही. 45 म्हणजे काही बर्फ नाही. पण शेजारचं डांबर 60-65 ला असेल तर तुमचा हात डांबराच्या हिशोबाने ब्रेक दाबतोय आणि चाक अचानक कमी पकडीवर जातंय. घोळ त्या फरकात आहे. गाडीला चार चाकं, एक पट्ट्यावर गेलं तर तीन सांभाळतात. दुचाकीचं पुढचं चाक लॉक झालं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं, की संपलं.

आणि झेब्राचं डिझाइन बघा. स्टॉप लाइन आडवी, वीस-तीस सेंटीमीटर रुंद, चाळीसच्या स्पीडला सेकंदाला 11 मीटर जाता म्हणजे ती लाइन सेकंदाच्या तीन शतांशात मागे पडते, चाकाला कळतसुद्धा नाही. झेब्राचे पट्टे मात्र गाडीच्या दिशेने उभे असतात, अर्धा मीटर रुंद आणि दोन ते चार मीटर लांब. चाक एकदा त्याच्यावर चढलं की पूर्ण लांबीभर त्याच्यावरच. तीन मीटरला पाव सेकंदाहून जास्त, आणि ब्रेक दाबल्यावर स्पीड उतरत जातो तसा अजून जास्त. तेवढ्यात पुढचं चाक लॉक होऊन गाडी आडवी होते. दोन पट्ट्यांमधे अर्धा मीटर डांबर मोकळं असतं, चाक तिथे असतं तर कदाचित वाचला असता.

भांडुपचा_बायकर

बाळ्या भावा हे भारी सांगितलंस. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, पट्टे उभे असतात हे डोक्यातच आलं नव्हतं.

ताई तुमची स्कूटर 110 ची असणार. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) सक्तीचं झालं, खालच्यांना सीबीएस, म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो. त्याने दोन्हीकडे ब्रेक वाटला जातो पण चाक लॉक व्हायचं थांबत नाही. मी काय करतो, झेब्रा दिसला की त्याच्या आधी डांबरावर जेवढा मारायचा तेवढा ब्रेक मारून घेतो आणि पट्ट्यावर हात सैल, हँडल सरळ. आणि रिक्षाच्या मागे दोन गाड्यांचं अंतर, कारण ती कुठे थांबेल ते तिलाही माहीत नसतं.

खड्डेपुराण

केस टाका ना ताई. मोटर वाहन कायद्यात 2019 ला कलम आलंय, 198अ, रस्ता नीट डिझाइन केला नाही, सांभाळला नाही तर कंत्राटदार, कन्सल्टंट, यंत्रणा ज्याची जबाबदारी त्याला एक लाखापर्यंत दंड.

लॅबमधला_बाळ्या

ते कलम मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर लागू होतं. सोललेल्या गुडघ्याला नाही. त्यापेक्षा माहिती अधिकारात विचारा, ह्या रस्त्याच्या मार्किंगचा पेंडुलमचा रिपोर्ट आणि तारीख द्या. नसेल तर 'उपलब्ध नाही' असं लेखी येईल, तेही कामाचं.

पार्ल्याची_स्कूटरवाली

सगळ्यांचे आभार, गुडघ्याला खपली धरलीय, टिटॅनस घेतलं.

आज रविवार, पहाटे साडेसहाला मुद्दाम चालत गेले त्या सिग्नलला. नवराही आला (बोलला नाही काही, छत्री धरली). थर्मोवाले काका, झेब्राच्या कडेला जिथे तुकडा उडालाय तिथे बघितलं तर अगदी चिरोट्यासारखे पापुद्रे, मोजले, चार. सगळ्यात वरचा हाताला टाइल्ससारखा लागतो आणि कच म्हणाल तर नावाला नाही. बाटलीतलं पाणी ओतून चपलेने घासून बघितलं, डांबरावर चप्पल अडते आणि पट्ट्यावर सुळकन जाते.

लॅबमधला_बाळ्या

चपलेची टेस्ट धरत नाहीत 🙂 पण फोटो काढलेत ना पापुद्र्यांचे? बाजूला पट्टी ठेवून काढा म्हणजे जाडी दिसेल, आणि ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत.

पार्ल्याची_स्कूटरवाली

काढले. पट्टी नव्हती, किल्ली ठेवली बाजूला. माहिती अधिकाराचा अर्ज नवराच लिहितोय आता, म्हणतो 'पेंडुलम' मराठीत लंबक लिहू की पेंडुलमच ठेवू?

थर्मोवाला

पेंडुलमच ठेवा. लंबक लिहिलं तर अर्ज घड्याळवाल्याकडे पाठवतील.