मदत हवी आहे: सोळा वर्षांच्या मुलीला कायद्याने कोणती गाडी चालवता येते?

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावी सायन्सला, नुकतीच सोळा पूर्ण झाली. आम्ही माधवनगरला, तिचं कॉलेज सांगलीत आणि क्लास विश्रामबागला. सकाळचं वडापनं (शेअर जीपनं) भागतं. संध्याकाळी क्लास साडेआठला सुटतो. तेव्हा वडाप भरल्याशिवाय हलत नाही, आणि कसं भरतं ते मी बघितलंय. ह्यांची शिफ्ट ड्युटी, मला गाडी येत नाही.

दारात ॲक्टिव्हा उभी आहे. आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, "सोळाला लायसन निघतंय की ताई, बिनगिअरचं. पालकांची सही लागती फक्त." दीर म्हणतात इलेक्ट्रिक घ्या, लायसनची भानगडच नको. शोरूमवाला त्याच्याही पुढे. पासिंग नाही, इन्शुरन्स नाही, वर "स्पीड कमी वाटलं तर लॉक काढून देतो, पंचेचाळीसनं पळंल."

तिघंही इतक्या खात्रीनं बोलतात की मलाच शंका यायला लागलीय. क्लासची निम्मी पोरं गाडीवर येतात हे मलाही दिसतं, त्यामुळे "सगळे चालवतात" हे उत्तर नको. कायद्यात काय बसतं तेवढं सांगा.

कृष्णाकाठ
ताई, एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धंच बोलतोय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४ बघा. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायला १८ पूर्ण लागतात. सूट एकच: १६ पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतची दुचाकी. पालकांची लेखी संमती लागते तीही त्यासाठीच. तुमची ॲक्टिव्हा ११० सीसीच्या घरातली. म्हणजे लायसन खरं निघेल, पण त्यावर दारातली गाडी चालवणं म्हणजे विनालायसन चालवणंच.

आणि ५० सीसीची गाडी आणणार कुठून? जुन्या लूना गेल्या, हल्ली शोरूममध्ये दिसते ती साधी मोपेडसुद्धा १०० सीसीच्या आसपास. कायद्यात सवलत आहे, बाजारात गाडी नाही. एजंटला हे चांगलं ठाऊक असतं.

राजदूतवाला
आम्ही आठवीत असताना राजदूत घेऊन मिरजेला जायचो. कोणी अडवलं नाही. उगाच बाऊ करताय.

क्लेमवाला
राजदूतवाले काका, तेव्हा कलम १९९अ नव्हतं. ते आलं २०१९ च्या दुरुस्तीत.

मी वकील नाही, पण गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेमचं काम करतो, म्हणून हे कलम रोज समोर येतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन नाही. हे शेवटचं आयांना सांगितलं की त्या पहिल्यांदा दचकतात, कैदेला नाही.

"न सांगता किल्ली नेली" ही सबब लोक हमखास देतात. पण गाडी तुमच्या संमतीनंच नेली असं कोर्ट आधी गृहीत धरतं. नव्हती संमती, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्ही सिद्ध करायचं. सूट आहे ती मुलाकडे लर्निंग किंवा पक्कं लायसन असेल आणि ज्या गाडीचं आहे तीच तो चालवत असेल तर. ५० सीसीचं लायसन घेऊन ॲक्टिव्हावर बसलेल्याला ती लागू होत नाही.

इन्शुरन्सचं म्हणाल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम सरळ नाकारला जातो. समोरच्याला मार लागला तर बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावतं, आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. म्हणजे तुमच्या ह्यांच्याकडून.

कृष्णाकाठ
आता इलेक्ट्रिकचं. दिरांचं म्हणणं बरोबर आहे, पण एका जातीच्या गाडीपुरतं. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, तर ती कायद्याच्या दृष्टीनं मोटार वाहनच नाही. मग लायसन नाही, नंबरप्लेट नाही. पासिंगवाली इलेक्ट्रिक स्कूटर मात्र तिला १८ झाल्यावरच.

लॉक काढलं की सवलत संपली. मग ती विनानोंदणी, विनाइन्शुरन्स मोटार वाहन, आणि चालवणारी अल्पवयीन. क्लेमवाल्यांनी वर सांगितलेलं सगळं लागू. २०२२ मध्ये परिवहन विभागानं अशा फेरफार केलेल्या गाड्यांची राज्यात तपासणी केली होती. शोरूमवाल्याकडे चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा, त्याच मॉडेलचं. पुणेकर ज्या एआरएआय टेकडीवर फिरायला जातात, ती एआरएआय अशीच एक संस्था. आणि हेल्मेट घ्याच. तिथं कायदा काय म्हणतो ते सोडा.

दुपारचा_चहा
सगळ्यांचे आभार. काल शोरूमला जाऊन आले. मागच्या चाकाजवळ स्टिकर आहे, २५० वॅटचा, पण निम्मा सोललेला आणि त्याच्याखाली आणखी एक स्टिकर. प्रमाणपत्र मागितलं तर रंगीत माहितीपत्रक हातात दिलं. दुसऱ्यांदा मागितलं तर "मॅडम, आजवर कुणी मागितलं नाही." ही गाडी रद्द.

ॲक्टिव्हाची किल्ली कपाटात गेली. लेक दोन दिवस बोलत नव्हती, मग पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही हे वाचून दाखवलं. आता "अठरा झाल्या झाल्या लर्निंग काढायचं" असा तह झालाय. त्याची काही तयारी लागते का?

क्लेमवाला
विशेष नाही. १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. खुणांचे बोर्ड पाठ करू द्या. लर्निंगनंतर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट. तोवर गाडीला लाल रंगातला एल, आणि मागे लायसनवालं शिकवणारं माणूसच, मैत्रीण नाही.

दुपारचा_चहा
मैत्रिणीचं वाक्य मुद्दाम दाखवते तिला.

तोवर संध्याकाळचा प्रश्न आहेच. माधवनगर, बुधगावकडच्या अजून तीन मुली त्याच क्लासला आहेत, त्यांच्या आयांशी बोलले. रात्री साडेआठला विश्रामबागहून महिन्याच्या बोलीवर येणारा खात्रीचा रिक्षावाला कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एकीला पुढे स्वतःशेजारी बसवणारा नको, चौघी मागे मावत नाहीत हे आधीच सांगते, दोन फेऱ्यांचे पैसे द्यायची तयारी आहे.