लोहाची गोळी बंद करण्याआधी
कंपवातात (पार्किन्सनमध्ये) मेंदूत लोह साचतं, म्हणून तुमच्या आईंच्या लोहाच्या गोळ्या आणि लोखंडी कढई दोन्ही बंद केली, असं तुम्ही लिहिलंय. पहिलं बरोबर आहे, मेंदूतल्या सब्स्टान्शिया नायग्रा या भागात लोह जास्त सापडतं. पण रक्तातल्या लोहाचा हिशेब वेगळा. त्याच माणसाला रक्तक्षयही असू शकतो. शिवाय कंपवातात कमी पडणारं डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतंच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३७२ नव्या रुग्णांपैकी निम्म्यांना लोह काढून टाकणारं डेफेरिप्रोन ३६ आठवडे दिलं, तर त्यांची लक्षणं उलट वाढली.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, मेंदूचा डॉक्टर गाठायचा तर नागपूर. हिमोग्लोबिन कमी म्हणून बाबांना गावातच लोहाची गोळी सुरू झाली. ते ती कंपवातावरच्या लेव्होडोपा या गोळीसोबत एकाच घोटात घ्यायचे, तेही चहाबरोबर (चहाने लोहही नीट अंगी लागत नाही). पंधरा दिवसांत सदऱ्याची गुंडी लावता येईना, बशीतला चहा धोतरावर सांडू लागला. आम्हाला वाटलं, आजार वाढला. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "दोन्ही गोळ्या सोबत घेता का?" पोटात लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं, मग औषध रक्तात पुरतं उतरत नाही. आता लेव्होडोपा उठल्याबरोबर आणि लोहाची गोळी दोन तासांनी, पाण्यासोबत. आठवड्याभरात बाबा गुंडी स्वतः लावू लागले. आई कोणती गोळी किती वाजता घेत होत्या, ते डॉक्टरांना नक्की सांगा.