मदत हवी आहे : पल्सरच्या चाकांवरील पावडर कोटिंग दुसऱ्याच पावसाळ्यात सुटू लागले आहे

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो. वडिलांनी 2008 साली घेतलेली बजाज पल्सर 150 आता मी वापरतो आणि ती चांगल्या अवस्थेत राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिच्या 17 इंची ॲल्युमिनियमच्या चाकांचा मूळ काळा रंग जागोजागी उडाला होता. म्हणून दोन उन्हाळ्यांपूर्वी दोन्ही चाके कोल्हापूरला नेली आणि तेथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून त्यांना कमी चकाकीचे काळे पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड मारून ती भट्टीत वितळवून बसवलेला थर) करून आणले. चाके इतकी सुरेख दिसत होती की वडिलांनी ती गाडीला बसवण्याआधी दोन दिवस घरातच ठेवायला लावली.

पहिला पावसाळा काहीही तक्रार न होता गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, पुढच्या चाकावर व्हॉल्व्हच्या छिद्राभोवती बारीक फोड दिसू लागले. त्यांतील एक नखाने दाबल्यावर अख्खा पापुद्रा सुटून आला आणि खाली पांढरी भुकटी दिसली. जिथे खडी लागून टवका उडाला होता, तिथून कोटिंगच्या खालून गांडुळासारख्या नागमोडी रेषा पुढे सरकत असून त्यांतील सर्वांत लांब रेष आता दीड सेंटिमीटर झाली आहे. मागच्या चाकावर कडेला, टायर बदलताना लिव्हर लागलेल्या जागी, हाच प्रकार आहे. मला कोड्यात टाकणारी गोष्ट ही की याच चाकांवर इतरत्र कोटिंग इतके घट्ट आहे की टोकदार वस्तूनेही ते सहज निघत नाही.

काम कसे झाले त्यातील मी प्रत्यक्ष पाहिलेला भाग सांगतो. मेकॅनिकने बेअरिंग, ऑइल सील, कपलिंग रबर आणि पुढची डिस्क काढून दिली होती. कारखान्यात जुना रंग ब्लास्टिंग करून काढला, चाके सात टाक्यांतून बुडवून काढली, पावडर मारली आणि 200 अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवली. त्याच टाक्यांतून लोखंडी कपाटे आणि खिडक्यांचे गजही जात होते. मागच्या ड्रममधील लोखंडी लायनरवर पट्टी लावून तो झाकला होता, परंतु डिस्क जिथे बसते ती जागा झाकायची राहिली. तेथील थर माझ्या मेकॅनिकने नंतर पात्याने खरवडून काढला आणि आता त्या खरवडलेल्या सीमेवरही कोटिंग उचलू लागले आहे.

निगा राखण्यात माझीही चूक झाली असणे शक्य आहे. सुटीच्या दिवशी आम्ही आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जातो, पावसाळ्यात तिथे समुद्राचे तुषार थेट गाडीवर येतात, आणि परत आल्यावर गाडी तशीच ओली उभी राहत असे. महिन्यातून एकदा ती वॉशिंग सेंटरला जाते. तिथे डिझेल फवारून मग जोराच्या पाण्याने धुतात.

मला प्रथम हे समजून घ्यायचे आहे की दोष पावडरचा, आधीच्या तयारीचा की माझ्या वापराचा. दुसरे म्हणजे फक्त बिघडलेल्या जागा दुरुस्त करता येतील, की सगळे कोटिंग काढून नव्याने करावे लागेल? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझी मुलगी रोज याच गाडीवर मागे बसून शाळेत जाते : ही चाके पुन्हा भट्टीत गेली तर त्यांची ताकद कमी होईल का? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद (भोसरीत पावडर कोटिंगच्या कामावर पर्यवेक्षक)

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निदान करणे अवघड नाही. पावडरला मी दोष देणार नाही. इतरत्र थर घट्ट आहे, याचा अर्थ पावडर नीट भाजली गेली आहे. दोष तयारीत आहे आणि समुद्राच्या मिठाने तो उघड केला आहे.

सात टाक्यांची प्रक्रिया मुळात लोखंडासाठी आहे. तिच्यात तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर देणे आणि मधली धुणी येतात. हा फॉस्फेट लोखंडावर पावडरला उत्तम पकड देतो, पण लोखंडासाठी जुळवलेल्या टाकीत ॲल्युमिनियमवर तसा थर बसत नाही. ॲल्युमिनियमला पकड देणारा रासायनिक थर वेगळा असतो. त्यासाठी क्रोमेटिंग (क्रोमियमच्या क्षारांची प्रक्रिया) किंवा क्रोमियमविरहित झिर्कोनियमची प्रक्रिया लागते. शिवाय त्या ब्लास्टिंगच्या यंत्रात लोखंडी कामासाठी पोलादी छर्रे वापरत असतील, तर त्यांचे सूक्ष्म कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल मिळाली की प्रत्येक कणाभोवती गंजण्याची क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियमच्या चाकांसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक रेती किंवा काचेचे मणी वापरायला हवेत.

थर जिथे तुटतो तिथून खारे पाणी आत शिरते. आपण पाहिलेल्या नागमोडी रेषांच्या पुढच्या टोकाशी आम्लयुक्त द्रव असतो. तो धातू खात पुढे सरकतो आणि मागे पांढरी भुकटी सोडतो. खाली योग्य रासायनिक थर असता तर टवका टवक्यापुरताच राहिला असता. व्हॉल्व्हजवळच सुरुवात का झाली, याचेही कारण आहे. ट्यूबच्या टायरमध्ये व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळला जातो आणि कोटिंग तिथेच कापले जाते. त्यातच छिद्राची कड धारदार असेल, तर भट्टीत वितळलेली पावडर कडेवरून मागे ओढली जाते आणि तिथे थर मुळातच पातळ राहतो. पुढच्या वेळी छिद्राच्या आणि रिमच्या कडा हलक्या घासून गोल करून द्याव्यात आणि नटाखाली नायलॉनचा वॉशर घालावा.

भुकटी दोनतीन जागीच असती, तर दुरुस्ती सुचवली असती. तिथे सैल थर काढायचा, वॉटर पेपरने चमकता धातू दिसेपर्यंत घासायचे, इपॉक्सी प्रायमर द्यायचा आणि वर हार्डनर मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्यायचा. पावडरचा ठिगळासारखा तुकडा लावता येत नाही. मात्र आपल्या चाकांवर पकडच चुकीच्या पायावर उभी आहे. ही दुरुस्ती एक हंगाम टिकेल आणि शेजारून नव्या रेषा निघतील. म्हणून सगळे काढून नव्याने करावे, असेच माझे मत आहे.

आता ताकदीबद्दल. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांना बहुधा उष्णतेची प्रक्रिया करून बळकट केलेले असते. सुमारे 540 अंशांवर तापवून ती एकदम थंड करतात आणि मग 150 ते 170 अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. पावडर 180 ते 200 अंशांवर, धातू त्या तापमानाला पोहोचल्यापासून 10 ते 20 मिनिटांत भाजून होते. इतक्या वेळात होणारा परिणाम अल्प असतो, त्यामुळे आणखी एकदा भाजण्याची भीती बाळगू नये. खरा धोका जुने कोटिंग काढताना असतो. काही ठिकाणी ते 350 ते 400 अंशांच्या भट्टीत जाळून काढतात, तर काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने. त्याने चाक मऊ पडते आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही. गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीलाही ठाम नकार द्यावा, कारण तो ॲल्युमिनियमच खातो. ॲल्युमिनियमला चालणारे रंग काढण्याचे रसायन आणि त्यानंतर बारीक ब्लास्टिंग, एवढाच मार्ग पत्करावा. कोटिंग निघाल्यावर चाक उघडे असतानाच आऱ्यांच्या मुळाशी आणि हबजवळ (चाकाच्या मधल्या जाड भागाजवळ) तडा आहे का, हे तपासून घ्यावे. तडा दिसला तर ते चाक वापरू नये. वेल्डिंग करून चालवण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये.

कारखान्यात आणखी तीन गोष्टी विचारा. ओतकामाच्या छिद्रांत हवा आणि तेल अडकलेले असते. पावडर वितळताना ते बाहेर येऊन सुईच्या टोकाएवढी भोके पाडते. त्यासाठी चाके आधी रिकामीच, भाजण्याच्या तापमानाहून थोडी जास्त तापवून घेतात. त्यांच्याकडे हे करतात का? आधी इपॉक्सी प्रायमर पावडर आणि वर शुद्ध पॉलिएस्टर देतात का? नुसती इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते. आणि जाडी कशाने मोजतात? लोखंडासाठीचे चुंबकीय मीटर ॲल्युमिनियमवर चालत नाही, बिगरलोखंडी धातूचे लागते. एका थराला 60 ते 80 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) पुरे. बेअरिंगची जागा, डिस्कची बैठक, आटे आणि ड्रमचा लायनर झाकणे अनिवार्य आहे. डिस्कखाली कोटिंग राहिले, तर ते दाबाने हळूहळू बसते आणि बोल्ट ढिले होतात. म्हणून आपल्या मेकॅनिकने ते खरवडले हे योग्यच केले, फक्त ती वेळ यायला नको होती.

दुसरा प्रतिसाद (मालवणहून)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे आणि केवळ निगेबद्दल भर घालतो, कारण आमच्याकडेही समुद्र दारातच आहे. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी चाके साध्या गोड्या पाण्याने सावकाश धुवावीत. मीठ वाळण्याआधी निघाले पाहिजे. आठवड्यातून एकदा सौम्य कार शॅम्पू आणि मऊ फडके पुरते. डिझेल बंद करावे. त्याचा तेलकट थर मीठ आणि धूळ धरून ठेवतो. चाकांसाठी मिळणारे आम्लयुक्त क्लीनर वापरू नयेत आणि जोराच्या पाण्याची नळी टवक्यांवर व हबवर जवळून धरू देऊ नये. चेनचे वंगण मागच्या रिमवर उडते, ते केरोसीनच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच शॅम्पूने धुवावे. पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीत एकेकदा मेणाचा हात द्यावा. आपली फिनिश कमी चकाकीची आहे, म्हणून रबिंग कंपाउंड कधीही लावू नये. त्याने चमकदार डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

धागाकर्ता

दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. काल त्या कारखान्यात फोन करून विचारले. ॲल्युमिनियमसाठी वेगळी टाकी नाही आणि जुने कोटिंग ते गॅसच्या ज्योतीने काढतात, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यामुळे काम तिथे पुन्हा न देण्याचे ठरवले आहे. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या चौकटींना कोटिंग करणारा एक कारखाना सापडला असून त्यांच्याकडे क्रोमेटिंगची टाकी आहे, मात्र चाके त्यांनी आजवर केलेली नाहीत. त्यांच्याकडे देणे योग्य ठरेल का? आणि काम हाती आल्यावर ते नीट झाले आहे हे मी स्वतः कसे तपासू?

पहिल्या प्रतिसादाचे सदस्य

अवश्य द्यावे. टाकी योग्य असेल तर बाकीचे समजावून सांगता येते. खिडक्यांच्या चौकटी पातळ असतात आणि लवकर तापतात, चाकाचा हब मात्र जाड असल्यामुळे उशिरा तापतो. वेळ भट्टीच्या तापमानावरून न मोजता हबच्या तापमानावरून मोजावी, हे त्यांना आवर्जून सांगा. आऱ्यांच्या खोल कोपऱ्यांत विद्युतभारित पावडर सहज पोहोचत नाही, म्हणून तिथे व्होल्टेज कमी करून आधी मारायला सांगा. चाकांसोबत ॲल्युमिनियमचा एक चपटा तुकडा त्याच टाक्यांतून आणि त्याच भट्टीतून काढून घ्या. त्या तुकड्यावर पात्याने 2 मिलिमीटर अंतराच्या आडव्या-उभ्या सहा-सहा रेषा धातूपर्यंत ओढा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटकन ओढा. एकही चौकोन सुटता कामा नये. सुटला तर चाके गाडीला न बसवता त्यांच्याकडेच परत न्यावीत.