मदत हवी आहे: ऑइलपेंट फासलेलं जुनं टेबल घ्यावं का? घेतलं तर पॉलिश कसं करावं?

खणपट्टी

पुण्याच्या जुन्या बाजारात एक लिहायचं टेबल हेरून ठेवलंय. ४ फूट × २ फूट, उंची ३० इंच, दोन खण. बाहेरून राखाडी ऑइलपेंटचे निदान तीन थर, खणाच्या आत लाकूड उघडं आहे, मधाच्या रंगाचं. विक्रेता ‘बर्मा टीक’ (ब्रह्मदेशी साग) म्हणतो आणि ७,००० सांगतो.

दोष चार. मागचा डावा पाय डुगडुगतो. एका खणाच्या मागच्या फळीला टाचणीच्या डोक्याएवढी दहा-बारा भोकं आहेत. वर जिथे रंग उडालाय तिथे काळं वर्तुळ आहे. आणि वरच्या फळ्यांच्या सांध्यात पोस्टकार्ड जाईल अशी आठेक इंच लांब फट आहे.

टेबल रोज वापरायचं आहे, लॅपटॉप आणि चहा दोन्हींसाठी. हाताशी एप्रिल-मे आहे. घेऊ का? आणि फ्रेंच पॉलिश (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) की पीयू (पॉलियुरेथेन)?

रंधा_आणि_पटाशी

‘बर्मा’ हा शब्द कानाआड करा. नुसतं बघून कुणालाही ते सांगता येत नाही, आणि भाव त्या शब्दाचाच लावलेला असतो. साग आहे का आणि भरीव आहे का, एवढंच तपासा.

टेबल उलटं करायला लावा. जुन्या वस्तूचं खरं तोंड खालच्या बाजूला असतं. वरच्या फळीच्या कडेला, जिथे लाकडाच्या रेषा संपतात, तिथला रंग खरवडा. पृष्ठभागावरची रेष कडेवर वळून पुढे जात असेल तर फळी भरीव. कडेला वेगळी पट्टी ठोकलेली असेल तर आत प्लायवूड असू शकतं. नखाने जोर देऊन बघा, मग ब्लेडने किंचित तासा: सागाचा वास चामड्यासारखा येतो आणि तासलेली जागा बोटाला मेणचट लागते. वजनाचा हिशोबही सोपा आहे. साग घनफुटाला साधारण १८-१९ किलो, म्हणजे ४ × २ फुटांची इंचभर जाड नुसती वरची फळीच १२ किलोच्या आसपास भरली पाहिजे. एका हाताने टोक सहज उचललं गेलं तर शंका घ्या.

खण बाहेर काढून पुढचा कोपरा बघा. हाताने कापलेले पंख्याच्या आकाराचे दाते थोडे कमीजास्त असतात, यंत्राचे सगळे सारखे. दात्यांऐवजी नुसते खिळे असतील तर भाव पाडायला हरकत नाही. स्क्रू मात्र पुरावा म्हणून धरू नका, दुरुस्तीत ते बदललेले असतात. बाजारात गोल टेबल दिसलं तर टेपने दोन्ही दिशांना मोजा. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आकसतं, त्यामुळे खरोखर जुनं गोल टेबल काही मिलिमीटरने लंबगोल झालेलं असतं. चहाच्या पाण्याने ‘जुनं’ केलेलं नवं टेबल अगदी गोल निघतं.

लाखदाणा

भोकांचं आधी. खण काळ्या कागदावर उलटा धरून ठोका. मैद्यासारखी बारीक पांढुरकी पूड पडली तर भुंग्याची अळी अजून जिवंत आहे असं धरा. पूड पडली नाही आणि भोकांच्या कडा आतून मळकट असतील तर प्रकरण जुनं. पण रव्यासारखे, खसखशीएवढे सुटे दाणे पडले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. मग टेबल फुकट मिळालं तरी घरात आणू नका.

भुंगा सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. खणाच्या मागे सुतार नेमकी तीच स्वस्त फळी वापरतात. माझं मत: ती फळीच बदला. ठेवायचीच असेल तर रंग उतरवल्यावर तेलमिश्रित वाळवी-प्रतिबंधक इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात सोडा, दोन दिवसांच्या अंतराने तीनदा, आणि आठवडाभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. रंगावरून वरवर फासून उपयोग नाही, औषध आत मुरत नाही. अळी आत वर्षभरही राहू शकते, म्हणून भोकं लगेच बुजवू नका. नवं भोक पडलं की कळायला हवं.

सरळसोट

७,००० आणि वर सामान, वर चार-पाच रविवार. एवढ्यात नवं टेबल दारात येतं. ह्या शोधाशोधीत एवढं काय आहे, खरंच विचारतोय.

रंधा_आणि_पटाशी

रास्त प्रश्न. त्या पैशात येतं ते भुशाच्या दाबलेल्या पाट्याचं. कडेतून पाणी शिरलं की फुगतं आणि परत बसत नाही. एकदा स्क्रू सैल झाला की त्या भोकात दुसरा धरत नाही. विनियरचा पातळ थर दुसऱ्यांदा घासायला गेलात की खालचा पाटा दिसतो. इंचभर सागाची फळी मात्र दर खेपेला केसभर घासली जाते, म्हणजे नातवंडांनाही पुरते. नवा साग आज घनफुटाच्या भावाने विचारून बघा, मग जुन्या बाजारातलं टेबल महाग वाटणार नाही.

आणि मजा म्हणाल तर रंगाखाली काय आहे ते खुणांवरून ओळखण्यात आहे. चुकलं तर पैसे जातात, म्हणून तर डोळा तयार होतो. मुंबईत ओशिवऱ्याला फिरा किंवा चोर बाजारात मटन स्ट्रीटला (शुक्रवार टाळून), एकाच दुकानात खरं जुनं आणि कालचं जुनं शेजारी उभं दिसतं. मात्र ‘जुनं लाकूड आता हलत नाही’ यावर विश्वास ठेवू नका. हवेतल्या दमटपणाबरोबर ते शंभर वर्षांनीही हलतं.

तुमची फट त्यातूनच आली आहे, खणपट्टी. दोन फूट रुंद सागाची फळी मे ते ऑगस्ट २ ते ४ मिलिमीटर रुंदावते. खालून चौकटीला खिळ्यांनी घट्ट जखडली की तिला जागा उरत नाही, मग सर्वांत कच्चा सांधा उघडतो. आत्ता, कोरड्या हवेत, लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरलीत तर पावसाळ्यात ती चिरडून बाहेर येईल. वरची फळी सोडवा, सांध्यातला जुना सरस खरवडा, फेविकॉल लावून क्लॅम्पमध्ये (आवळायच्या शिकंज्यात) २४ तास ठेवा. परत बसवताना चौकटीतली स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि वॉशर घाला.

पायाचंही तेच. सांध्यात नुसता फेविकॉल ओतणं ही सर्वांत नेहमीची चूक, जुन्या सरसावर तो धरतच नाही. पाय पूर्ण बाहेर काढा. निघत नसेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्याला गुंडाळा, सरस मऊ होतो. कूस (सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक) सैल असेल तर भुसा-फेविकॉलचा लगदा भरू नका, सागाचाच पातळ कपचा कुसाच्या गालाला चिकटवून तासून बसवा. साग तेलकट, म्हणून चिकटवण्याआधी थिनरचा हात फिरवा. क्लॅम्प आवळताना चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर टेबल कायमचं तिरकं.

चपडा

आता रंग. हा भाग घाईत करू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, म्हणजे त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, हीट गनही नको. जेलसारखा पेंट रिमूव्हर घ्या, तीन थरांना दीड-दोन लिटर धरा. जाड थर, ब्रश एकाच दिशेने, वर प्लॅस्टिक, २०-३० मिनिटं, मग बोथट पत्र्याने खरवडा. गॅलरीत किंवा अंगणात, हातमोजे घालून, मुलं लांब. कोपऱ्यांसाठी पितळी ब्रश. लोखंडी तारेचे कण सागात राहिले की ओल लागून काळे डाग पडतात. शेवटी थिनरने पुसा. कॉस्टिक सोड्याचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका: साग काळवंडतो आणि आत राहिलेला खार नंतरचं चपडा पॉलिश (चपडा म्हणजे लाख, हेच फ्रेंच पॉलिश) सोडवतो.

काळं वर्तुळ म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य). घासून जाणार नाही. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. नुसत्या डागावर नाही, सगळ्या फळीवर लावा, नाहीतर काळ्या वर्तुळाच्या जागी पांढरं वर्तुळ मिळेल. डाग फिका झाला की स्वच्छ पाण्याने तीनदा पुसा, दोन दिवस वाळवा, मगच काचपेपर. न धुता घासलंत तर ती धूळ घशाला झोंबते.

काचपेपर १२०, १८०, २२० नंबरचा (आकडा मोठा तितका बारीक), रेषेच्या दिशेनेच. ८० फक्त खडबडीत जागी. सागाचे बारीक रंध्र भरायला खडूची पूड, पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू पातळ चपड्यात कालवून आडवं घासा.

पॉलिशबद्दल: एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा पातळ हातांना, नंतरच्या हातांना २०० पर्यंत. आठवडाभरात संपेल एवढंच भिजवा. फार दिवस ठेवलेलं चिकट राहतं, वाळत नाही. पण चहाच्या गरम कपाने चपड्यावर पांढरं वर्तुळ उठणारच. म्हणून पाय, चौकट आणि खण चपड्याने, वरची फळी मॅट पीयूने करा. सागाच्या तेलावर पीयू वाळायला रखडतं, आधी चपड्याचे दोन पातळ हात द्या. तेही मेण काढलेल्या चपड्याचे: भिजवलेली बाटली दोन दिवस न हलवता ठेवली की मेण तळाशी बसतं, वरचं निवळ ओतून घ्या. फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात हवेत, नाहीतर फळी वाकते.

खणपट्टी

सर्वांचे आभार. काळ्या कागदावर काहीच पडलं नाही, भोकं आतून मळकी आहेत. साग आहे, भरीव आहे, खणाला दाते आहेत. ५,५०० ला ठरलं. खरवडताना एक दिसलं: वरच्या फळीच्या एका कडेला दीड इंच पांढरी पट्टी आहे. पॉलिशनंतर उठून दिसेल का?

लाखदाणा

दिसेल. ते बाहेरचं लाकूड. स्पिरिटचा ओला हात सगळ्या फळीवर फिरवा, पॉलिशनंतरचा रंग साधारण तसाच येतो. त्यावरून तपकिरी स्पिरिट-स्टेन पातळ चपड्यात मिसळा आणि बारीक ब्रशने फक्त पट्टीवर दोन-तीन फिके हात द्या, कडेशी पुसट करत. एकदम गडद नको, मागे फिरता येत नाही. हे चपड्याच्या पहिल्या हातानंतर आणि पीयूच्या आधी. आणि त्या कडेला वाळवीचं औषध काचपेपर झाल्यावर, पॉलिशच्या आधी, आठवडाभर मुरू द्या.