लग्नाच्या १४ खोल्या: सकाळी कोणी दार वाजवायचं नाही, हे हॉटेलकडून पाळून कसं घ्यायचं?

विजयनगर_वधूपक्ष

मार्गशीर्षातलं लग्न, इंदूरला. मुलाकडच्यांसाठी विजय नगर भागात एका हॉटेलात १४ खोल्या, तीन रात्री, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर. मंडळींचे बेत असे: तरुण मंडळी रात्री सराफ्यात, म्हणजे गराडू-भुट्ट्याचा कीस खाऊन परतायला दोन-अडीच. ज्येष्ठ मंडळी महाकालच्या भस्म आरतीला. आरती पहाटे चारची, रांगेत आधी लागायचं, उज्जैन ५५ किलोमीटर. म्हणून गाडी रात्री साडेबाराला निघणार आणि परत येईल सकाळी आठ-साडेआठला. थोडक्यात १४ पैकी ९ खोल्यांत सकाळी अकरापर्यंत माणसं गाढ झोपेत असणार, आणि नेमकी तीच झाडू-पोछ्याची वेळ.

रिसेप्शनवर विचारलं तर उत्तर मिळालं, "दारावर बोर्ड लावा, कोणी येणार नाही." एवढ्यावर विसंबून राहायचं का? इंटरकॉम कसा थांबवायचा? ज्येष्ठांनी आतून कडी लावून झोपावं की नाही? आणि एवढं करूनही कोणी आत आलंच तर?

चौथा_मजला

बोर्डावर विसंबू नका. बोर्ड फक्त त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला कळतो. दार वाजवायला लावणारा माणूस बऱ्याचदा खाली बसलेला असतो.

आधी सकाळ कशी चालते ते बघा. पाळी सातला बदलते. फ्लोअर सुपरवायझर रूम बॉयला शीट देतो, त्यात त्याच्या १२ ते १६ खोल्या. ट्रॉली साडेआठ-नऊला फिरू लागते. बोर्ड दिसला की त्या खोलीसमोर 'डीएनडी' (डू नॉट डिस्टर्ब) आणि वेळ लिहून पुढे जायचं, दोनच्या सुमारास परत बघायचं, तरी बोर्ड असेल तर दाराखालून चिठ्ठी सरकवायची. नीट चालणाऱ्या हॉटेलात इतकं होतंच. बिघडतं ते पुढच्या गोष्टींमुळे.

पहिली, बोर्ड पडतो. पुठ्ठ्याच्या बोर्डाचं भोक मोठं असतं आणि हँडल गुळगुळीत. दाराला क्लोजर असतो, शेवटच्या चार बोटांत दार धाडकन बसतं आणि बोर्ड हँडलवरून घसरून गालिच्यावर. रूम बॉय तो उचलून ट्रॉलीत ठेवतो, कारण पडलेला बोर्ड कोणत्या दाराचा हे त्याला कसं कळणार! उपाय सोपा आहे. बोर्ड हँडलला लटकवूच नका. कुलपावर जिथे कार्ड टेकवतात, बरोबर त्या जागेवर कागदी मास्किंग टेपने चिकटवा. दार उघडायचं तर बोर्ड हाताने बाजूला करावा लागेल, मग 'दिसला नाही' म्हणायची सोय उरत नाही. सेलोटेप लावू नका, पॉलिश निघालं की बिलात लागतं.

दुसरी, बोर्ड उलटा लागतो. एका बाजूला 'त्रास देऊ नका', दुसऱ्या बाजूला 'खोली साफ करा'. लग्नघरात पोरं कॉरिडॉरमधून पळतात आणि हात जातो तो बोर्ड फिरवतात. टेपने हेही मिटतं.

तिसरी, बटणाचा दिवा. दाराबाहेर लाल दिवा लागणारं बटण असेल तर आधी तपासा की तो दिवा खोलीतल्या की-कार्डच्या खाचेवर (जिथे कार्ड घातलं की वीज येते) चालतो का. काही ठिकाणी कार्ड खाचेतून काढलं की दिवाही विझतो आणि परत आल्यावर आपोआप लागत नाही, बटण पुन्हा दाबावं लागतं. उज्जैनहून पेंगत आलेला माणूस बटण दाबेल ही आशा सोडा. तिथेही कागदी बोर्डच.

आता हॉटेलवाल्यांची बाजू. चालू मुक्कामाच्या खोलीला एका माणसाचे २० मिनिटं जातात. तुमच्या १४ खोल्या बारापर्यंत बंद आणि मग एकदम उघडल्या तर २८० मिनिटांचं काम दुपारी एकदम अंगावर पडतं. दोन माणसं लावली तरी दोन तास वीस मिनिटं. वापरलेल्या चादरी घ्यायला लाँड्रीची गाडी ठरलेल्या वेळी येते, ती कोणासाठी थांबत नाही. म्हणून रूम बॉय सकाळपासून दार चाचपतो, त्यात त्याचा खोडसाळपणा नसतो. त्याला नक्की वेळ द्या, तो सकाळी फिरकणार नाही. नुसतं 'डिस्टर्ब करू नका' ही अर्धी सूचना झाली. 'साडेबारानंतर या' ही पूर्ण.

सगळ्यात चांगली वेळ मंडळी मंगल कार्यालयात असतानाची. फक्त दागिने तिजोरीत, आणि रिकाम्या खोलीची सफाई सुपरवायझर हजर असताना, हे आधी बोलून ठेवा. ज्यांना सफाई नकोच त्यांनी आदल्या रात्री नऊच्या आत दोन टॉवेल आणि पाण्याच्या चार बाटल्या मागून घ्याव्यात, कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवावी. मग कोणाला आत यायचं कारणच राहत नाही.

जाता जाता: खोल्या देताना पॅन्ट्री आणि सर्व्हिस लिफ्टशेजारच्या खोल्या ज्येष्ठांना नकोत. दार कोणी वाजवलं नाही तरी तिथे सकाळी साडेसहापासून ट्रॉल्या, बादल्या आणि गप्पा सुरू असतात.

रिसेप्शन_सकाळपाळी

वरचं सगळं बरोबर, पण खरा त्रास फोनचा असतो. दारावरचा डीएनडी आणि फोनचा डीएनडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्ड लावल्याने इंटरकॉम बंद होत नाही, तो ऑपरेटरला एक्सचेंजवरून त्या एक्स्टेंशनला लावावा लागतो. तसं स्पष्ट सांगा: "खोली क्रमांक अमुक, फोन डीएनडी, सकाळी साडेआठ ते साडेबारा."

यात एक अडचण आहे. भस्म आरतीवाल्यांना रात्री वेक-अप कॉल हवा असणार. काही एक्सचेंजवर फोनचा डीएनडी चालू असला की वेक-अप कॉलही वाजत नाही. म्हणून त्या खोल्यांचा डीएनडी मंडळी परत आल्यावर लावायला सांगा आणि तुमच्यापैकी एका जागत्या माणसाने काउंटरवर तशी आठवण द्या.

सकाळचे फोन साधारण असे: नाश्ता साडेदहाला बंद होतोय, आज चेकआउट आहे का, एखाद्याच्या ओळखपत्राची प्रत राहिली आहे, आणि लग्नात हमखास, "तुमचे पाहुणे खाली आलेत, वर पाठवू?" यातला प्रत्येक फोन आदल्या संध्याकाळीच टाळता येतो. नाश्त्याबद्दल सांगा की न आलेल्यांना फोन नको. जमलं तर नऊ खोल्यांचं पोहे-जलेबी अकरा वाजता एका खोलीत मागवून घ्या. ओळखपत्रं सगळ्यांची चेक-इनलाच. परदेशी पासपोर्टवाले नातलग असतील तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत तेव्हाच द्या. हॉटेलला त्यांची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, आणि कागद अपुरे असले की रिसेप्शन त्यांना झोपेतून उठवणारच.

चेकआउटचं नीट ऐका. सगळ्या खोल्या एका बिलावर असल्या की तारखा घाऊक भरल्या जातात. एखाद्या खोलीची तारीख एक दिवस अलीकडची पडली की ती 'आज जाणार' यादीत येते, मग फोन, मग बेल, मग मिनीबार तपासायला माणूस. शिवाय की-कार्ड त्या दिवशी बाराला मरतं. पाहुणा बाहेर उभा आणि दार उघडेना. पहिल्याच संध्याकाळी १४ खोल्यांच्या जाण्याच्या तारखा रिसेप्शनकडून वाचून घ्या. लेट चेकआउट ठरलं असेल तर कार्डही पुढच्या वेळेचं करून घ्या, नुसतं 'हो' ऐकून परतू नका.

आणि तोंडी काही नाही, भिया. रात्री अकराला नाईटवाल्याला सांगितलेलं सकाळी सातला त्याच्याबरोबर घरी जातं. सूचना लॉगबुकात आणि कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक खोलीच्या नोंदीवर पडली पाहिजे. लग्नाच्या एकत्र बुकिंगवर टाकलेला शेरा हाऊसकीपिंगच्या शीटवर बऱ्याचदा उतरतच नाही.

कुलूपकिल्ली

कडीबद्दल. हॉटेलचं कार्डवालं कुलूप असेल तर आत दोन गोष्टी असतात: हँडलखालची छोटी घुंडी आणि वर दाराच्या चौकटीला दुमडणारा लॅच किंवा साखळी. घुंडी फिरवली की रूम बॉयचं कार्ड चालत नाही, दार उघडतं फक्त इमर्जन्सी कार्डने, आणि ते ड्यूटी मॅनेजर किंवा सिक्युरिटीकडे असतं. लॅच मात्र कुठल्याच कार्डाने निघत नाही. तो बाहेरून काढायला हत्यार लागतं.

त्यामुळे तरुणांनी काय हवं ते लावावं. ज्येष्ठांनी, विशेषतः साखर-रक्तदाबवाल्यांनी आणि एकट्याने झोपणाऱ्यांनी, फक्त घुंडी. लॅच नको, दाराखाली रबरी ठोकळा तर अजिबात नको. बाथरूममध्ये पाय घसरला तर घुंडीचं दार इमर्जन्सी कार्डने लगेच उघडतं, लॅचचं उघडायला मिस्त्री शोधत बसावं लागतं. बाथरूमची कडीही लावू नये, हे न विचारता सांगतो.

काही मंडळी सरवटे बस स्टँडकडच्या जुन्या लॉजमध्ये उतरणार असतील तर तिथे साधं लॅच-कुलूप आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा बोल्ट असतो. बोल्ट न लावता झोपलं तर काउंटरवरच्या जोडकिल्लीने दार उघडतं, कोणीही उघडू शकतं. अशा ठिकाणी ज्येष्ठांबरोबर कोणी तरी एक जण झोपवा आणि बोल्ट लावा.

चेक-इनला घुंडी फिरवून बाहेर उभ्या माणसाला त्याच खोलीच्या दुसऱ्या कार्डाने दार उघडायला सांगा. उघडलं तर घुंडी बहुधा निकामी, खोली बदलून घ्या. कार्ड टेकवल्यावर दिवा मंद किंवा वेगळा लुकलुकत असेल तर सेल उतरलेत; बहुतेक कुलपांत चार पेन्सिल सेल असतात. ते तेव्हाच बदलून घ्या, नाहीतर दुरुस्तीवाला नेमका सकाळी दहाला येईल.

तिसरी_पेशी

दोन गोष्टींची गल्लत नको. शांतता मागणं तुमचा हक्क, पण खोली कितीही वेळ उघडू द्यायची नाही असं हॉटेल कबूल करणार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास वेगासला हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून गोळीबार झाला, त्यानंतर अनेक हॉटेलांत डीएनडीचे नियम कडक झाले. डिस्नीने फ्लोरिडातल्या आपल्या हॉटेलांत त्याच वर्षअखेरीस 'डू नॉट डिस्टर्ब' काढून 'रूम ऑक्युपाइड' बोर्ड आणले, म्हणजे आत माणूस आहे एवढंच कळणार, कर्मचारी येणार नाही असं नाही. आपल्याकडेही २४ तास हालचाल दिसली नाही की ड्यूटी मॅनेजर दार उघडतो, आणि ते योग्यच आहे. मात्र आधी फोन, मग बेल, मग नाव सांगून दार वाजवणं, मग दोघांनी मिळून उघडणं, हा क्रम असायला हवा. एकट्या रूम बॉयने बेल दाबत दाबतच कार्ड टेकवणं यात बसत नाही.

तरी कोणी आत आलंच तर भांडण कॉरिडॉरमध्ये नको. वेळ लिहा, बोर्डाचा फोटो घ्या, ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि त्याच दिवशी ईमेलवर दोन गोष्टी मागा: त्या दाराचं लॉक-रीडिंग आणि कॉरिडॉरचं कॅमेरा-चित्रण जपून ठेवा. कार्डाच्या कुलपात कोणतं कार्ड किती वाजता लागलं याची नोंद असते, पण जुन्यावर नवी चढत जाते. कॅमेऱ्याचंही तेच. आठवड्याने मागितलं तर हाती काही लागणार नाही.

पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर आधी १९१५, ग्राहक हेल्पलाइन. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि हॉटेलला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. निव्वळ दार वाजलं म्हणून आयोगात जाण्यात अर्थ नाही. लेखी सूचना देऊनही आत घुसले, सामान हलवलं, तर दम आहे.

विजयनगर_वधूपक्ष

सगळ्यांचे आभार. हॉटेलला द्यायची यादी अशी करतोय, प्रत्येक खोलीची एक ओळ. नमुना:

खोली २०७, दोन ज्येष्ठ. वेक-अप कॉल १२.००. गाडी १२.३०. दार आणि फोन डीएनडी ८.३० ते १२.३०. सफाई १२.३०. नाश्त्याचा फोन नको. अडचण आल्यास खोलीत नाही, समन्वयकाच्या मोबाइलवर. जाणार: चौथ्या दिवशी, चेकआउट २ वाजता.

दोन प्रती, एक रिसेप्शनला, एक हाऊसकीपिंगला. काही राहिलं?

चौथा_मजला

तिसरी प्रत फ्लोअरच्या पॅन्ट्रीत चिकटवा, रूम बॉय तिथेच शीट भरतो. आणि मास्किंग टेपचा एक रोल पुरणार नाही, दोन घ्या, पोरं काढून टाकतात.

रिसेप्शन_सकाळपाळी

एका ओळीत १२.३० तीनदा आलंय. एक रात्रीचं, दोन दुपारची. वेक-अप १२.००ला दुपारचा लागेल आणि मंडळींची भस्म आरती चुकेल. प्रत्येक आकड्याच्या आधी 'रात्री' किंवा 'दुपारी' लिहा, आणि तारीखही. रात्री बारानंतरची तारीख बदललेली असते, नाईटवाला तिथेच चुकतो.