बोटाला चिमटा लावून गेम खेळायचा? निन्टेन्डोच्या व्हायटॅलिटी सेन्सरला लोक उगाच हसले

लालबागचा प्लेयर टू

जुना विषय आहे, पण परवा कट्ट्यावर पुन्हा निघाला आणि पुन्हा तेच खिदळणं झालं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात जपानी गेम कंपनी निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी बोटाला लावायचा एक पांढरा चिमटा दाखवला. नाव वी व्हायटॅलिटी सेन्सर. वायर त्यांच्या 'वी' कन्सोलच्या रिमोटला जोडायची, चिमट्यात बोट घालायचं, की नाडीचे ठोके थेट कन्सोलला कळणार. इवातांचं म्हणणं एवढंच होतं की गेम आजवर माणसाला चेतवत आले, मग एखादा गेम माणसाला निवांत करणारा, जमलं तर झोप आणणारा का असू नये?

त्याच प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट नटाल दाखवला होता, जो पुढे किनेक्ट झाला, म्हणजे हातात काही न धरता अंगाच्या हालचालीने खेळवणारा कॅमेरा. त्यामुळे हा ऑक्सिमीटरसारखा चिमटा बघून गेमर मंडळींची जी करमणूक झाली ती विचारू नका. आमच्या ग्रुपमध्ये तर 'पुढच्या वर्षी लघवी तपासणारा कंट्रोलर' इथपर्यंत मजल गेली. नंतरच्या दोन वर्षांत निन्टेन्डोने मंचावर त्याचं नाव काढलं नाही. २०१३ मध्ये इवातांनी भागधारकांना सांगितलं की चाचण्यांत सेन्सर १०० पैकी ९० जणांवर नीट चालतो, उरलेल्या दहांवर नाही. १००० पैकी ९९९ जणांवर चालला तर बाजारात आणू. तो कधीच आला नाही.

माझं मत: हा सेन्सर यायला हवा होता. 'वी' हे नाव २००६ मध्ये जाहीर झालं तेव्हाही हेच लोक हसले होते, आणि ते कन्सोल १० कोटींच्या वर खपलं. वी फिट या व्यायामाच्या गेमच्या पाटावर उभं राहून वजन करायचं म्हटल्यावरही हसले, त्याच्या दोन कोटींच्या वर प्रती गेल्या. आमच्या चाळीतल्या खोलीत जिने कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता ती माझी आई त्या पाटावर पदर खोचून उभी राहायची आणि तोल गेला की 'ह्याला काय कळतंय' म्हणून पाटालाच दम द्यायची. गेमरला जे हास्यास्पद वाटतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी तरी केलेलं असतं. आणि गंमत म्हणजे तेव्हा हसणारे आज मनगटावर घड्याळ बांधून जिना चढले की ठोके किती झाले ते सगळ्यांना दाखवत फिरतात.

कांदिवली कट्टा

असहमत. हसू सेन्सरचं नव्हतं आलं, सादरीकरणाचं आलं होतं. गेम कुठला दाखवला? एकही नाही. नुसता कुकर दाखवायचा आणि पाहुण्यांना पानावर बसा म्हणायचं, असला प्रकार.

दुसरं, कंट्रोलर म्हणजे माझ्या हुकमाचं यंत्र. बटण दाबलं की उडी, नाही दाबलं तर नाही. नाडी माझ्या हुकमात नाही. माझ्या इच्छेविरुद्ध जे चालतं त्यावर गेमने मला मार्क द्यायचे हा खेळ कसला? ही परीक्षा झाली. शिवाय एका हाताचं बोट चिमट्यात अडकलं की वीचा दुसऱ्या हातातला कंट्रोलर, नंचक, कोण धरणार?

काडीपेटी

ठोके मोजायचेच असतील तर रात्री दीड वाजता आईने लाइट लावल्यावर मोजा. १०० पैकी १०० जणांवर चालेल.

ओपीडीतून सुटका

या विषयावर गप्प बसणं शक्य नाही, करोनाच्या काळात दिवसभर लोकांच्या बोटांनाच चिमटे लावत होते.

यंत्र असं चालतं: एका बाजूने लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून जातो, दुसऱ्या बाजूला तो मोजला जातो. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त थोडं वाढतं, प्रकाश तेवढा कमी पोचतो, त्या चढउतारावरून नाडी मोजतात. आता बोट गार असेल, नखाला गडद पॉलिश असेल किंवा माणूस हात हलवत असेल तर तो चढउतार नीट मिळत नाही. लग्नाहून परतलेल्या एका काकूंच्या दाट मेंदीवर यंत्र आकडाच धरेना. शेवटी कानाची पाळी पकडली तेव्हा ९७ आलं.

२०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिमीटर ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो. तो अभ्यास ऑक्सिजनच्या आकड्याचा होता, नाडीचा नव्हे, उगाच गल्लत नको. पण प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राची चाचणी कोणाच्या बोटांवर झाली हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. त्यामुळे ९० चा आकडा मला अजिबात नवलाचा वाटत नाही, आणि इवातांनी थांबवलं ते बरंच केलं.

आणखी एक. नाडी किती वाढली ते कळतं, का वाढली ते कळत नाही. भीती, आनंद, कटिंग चहा, दादरचा पूल, सगळ्याने ९५ होते.

लालबागचा प्लेयर टू

डॉक्टरताई, मेंदीचा मुद्दा मान्य, पण तुमच्याकडे चुकीच्या आकड्याने माणूस दगावू शकतो. गेममध्ये फार तर पडद्यावरचं फूल उमलणार नाही. दोन्हींना एकच मोजपट्टी कशी लावायची?

आणि १०० पैकी ९० वर थांबायचं तर किनेक्ट कधीच विकायला नको होता. एका माणसाने खेळायला टीव्हीपासून सहा फूट मागे उभं राहा, दोघांना आठ फूट, असं कंपनीच सांगायची. आमच्या खोलीत सहा फूट मागे गेलो तर मी मोरीत उभा. मुंबईतल्या किती घरांत तो नीट चालणार होता? तरी २०१० मध्ये विकला, आपण घेतला, आणि भावाला पलंगावर उभं करून खेळलो. तेव्हा कोणी 'उरलेल्यांचं काय' म्हणून थांबलं नाही.

मनीष मार्केट

गल्ल्यावर बसणाऱ्याचं ऐका जरा.

ही कल्पना निन्टेन्डोच्या घरीसुद्धा नवी नव्हती. १९९८ मध्ये जपानात निन्टेन्डो ६४ कन्सोलसाठी सेटा कंपनीचा टेट्रिस आला, त्याच्यासोबत कानाला लावायचा बायो सेन्सर होता. ठोक्यांप्रमाणे खेळ बदलायचा. जपानबाहेर तो निघालाच नाही. २०१५ चा नेव्हरमाइंड घ्या, भयपट छापाचा गेम, सेन्सर लावून जितके घाबराल तितका कठीण होतो. कल्पना झकास, पण हा गेम मागायला आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

वेगळं यंत्र विकणं म्हणजे काय ते सांगतो. गिऱ्हाईक पहिलं विचारतो, 'माझ्या जुन्या गेमला चालेल का?' नाही म्हटलं की वस्तू खाली ठेवतो. प्लॅस्टिकच्या गिटारी, स्टिअरिंग, पाट, सगळं मोजक्या गेमपुरतं. दिवाळीत जातं, होळीला सेकंड हँड म्हणून माझ्याकडेच परत येतं. माळ्यावर जागा नाही हो लोकांच्या घरात.

निन्टेन्डोला ते नंतर कळलं असणार. स्विच कन्सोलच्या रिंग फिट ॲडव्हेंचर या व्यायामाच्या गेममध्ये, २०१९ सालच्या, उजव्या जॉय-कॉनच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला की नाडी मोजतात. नवीन खोकं नाही, वायर नाही. आणि कोणी हसलं नाही, कारण बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही.

कांदिवली कट्टा

+१. आणि तिथेही नाडी व्यायाम संपल्यावर मोजतात. राक्षसाला मारताना नाही. माझा मुद्दा हाच.

वकीलसाहेबा

सगळे चिमट्यावर भांडताय, ठोके जातात कुठे ते कोणी विचारत नाही.

२००९ मध्ये हसण्यावारी नेलं, कारण भीती वाटावी असं काही नव्हतंच. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन कन्सोलचा नवा किनेक्ट आला, तो चेहऱ्याच्या रंगातल्या बारीक बदलावरून दुरूनच ठोके मोजू शकतो असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. तेव्हा मात्र गेमर हसले नाहीत, चिडले. घरात सतत डोळा उघडा असलेलं यंत्र सक्तीने का घ्यायचं, हा आरडाओरडा इतका झाला की २०१४ च्या जूनपासून किनेक्ट वगळून कन्सोल विकायला लागले. या दोन प्रतिक्रियांतला फरक बघा. बोटात चिमटा घातला की आपण मोजले जातोय हे कळतं. कॅमेऱ्याला ते कळवायची गरज नाही. त्या हिशेबाने मी चिमट्याच्या बाजूने आहे, धागाकर्त्यांना आश्चर्य वाटेल.

पण कायद्याचं बघा. २०११ च्या आयटी नियमांत बायोमेट्रिक माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग ठेवलेलाच नाही. नाडी आणि पिन कोड एकाच रांगेत. १८ खालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे, एवढाच काय तो आधार. आता डोळ्यासमोर आणा: पोरगा हरतोय, ठोके १२० वर, आणि नेमकं त्याच क्षणी पडद्यावर '४९ रुपयांत आणखी एक जीव'.

काडीपेटी

हे वाचून माझे ९५ झाले. कारण कळलं का डॉक्टर?

लालबागचा प्लेयर टू

वकीलसाहेबा, हा धोका सेन्सरचा नाही, दुकान मांडण्याच्या पद्धतीचा आहे. ठोके कन्सोलच्या बाहेर जाणार नाहीत अशी अट घाला, मी पहिली सही करतो.

वकीलसाहेबा

अट घालणारे तुम्ही कोण? 'मी सहमत आहे' वर टिचकी मारणारे तुम्ही.

पार्लेश्वर

मला तर प्रेक्षक म्हणून हवंय हे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजांचे ठोके कॅमेऱ्याने मोजून पडद्यावर दाखवत होते, बघायला काय मजा आली! आमच्या सोसायटीच्या फुटबॉल गेमच्या फायनलला पेनल्टीच्या वेळी दोघांचे आकडे भिंतीवर लावा, तिकीट लावून लोक येतील.

कांदिवली कट्टा

पार्लेश्वर, म्हणजे घाबरट कोण ते सोसायटीभर होणार. तुझी हौस, पोराची वाट.

बाकी धागाकर्त्याला माझा प्रश्न अजून तसाच आहे. एक गेम सांग. चिमट्याशिवाय होऊच शकत नाही असा एक. सुविचार नको.

लालबागचा प्लेयर टू

सांगतो. नदीत होडी. वल्हवायला बटण नाही. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना कमी होते, आणि संथ श्वास घेतला की हा हेलकावा मोठा होतो, हे डॉक्टरताई सांगतीलच. तो हेलकावा जितका सावकाश आणि मोठा तितकी होडी पुढे. घाई केली की होडी जागच्या जागी गोल फिरते. हरणं नाही, मार्क नाहीत, त्यामुळे तुझी परीक्षाही नाही. आणि हुकूम कोणाचा म्हणशील तर श्वास तुझ्या हुकमातलाच आहे की. हात हलवायचा नसतो, म्हणजे सेन्सरही भांबावत नाही. विरारहून उभ्याने आलेल्या माणसाला रात्री जेवणानंतर वीस मिनिटं.

मनीष मार्केट

विरारवाला वीस मिनिटं जागा राहिला तर.

लालबागचा प्लेयर टू

झोपला तर गेम जिंकला. इवातांना तेच हवं होतं.

ओपीडीतून सुटका

श्वासाचं बरोबर आहे, पण हा हेलकावा तरुणांत चांगला दिसतो, वयाप्रमाणे कमी होत जातो. म्हणजे तुझी होडी पंचविशीतल्या पोरासाठी सुसाट आणि ज्यांच्यासाठी केली त्या साठीच्या माणसासाठी जेमतेम. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी मुळातच दबलेली असते. सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून आलेले काका चिमटा लावून बसले तरी तुझ्या गेमला वाटेल, किती शांत गृहस्थ आहेत. प्रत्येक माणसाची आधी वेगळी पट्टी लावावी लागेल, आणि ती औषध बदललं की पुन्हा. ते जमवून दाखव, मग बोलू.