विषय: एकाच घरात एडीएचडी आणि ऍलर्जी

नमस्कार मंडळी,
एका भावंडाला दमा नि इसब, दुसऱ्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ, उतावीळपणा). यांचा काही संबंध असतो का? ऍलर्जी आटोक्यात आली की एडीएचडीही जाईल का?

—

ताई, संबंध आहे, पण एकामुळे दुसरं होतं असं म्हणता येत नाही. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दमा असलेल्यांत एडीएचडीची शक्यता सुमारे दीडपट आढळली. एडीएचडी मुळात बरीच आनुवंशिक आहे. एडीएचडीबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत सुमारे 74 टक्के निघतो. भावंडाला होण्याची शक्यता 74 टक्के, असा अर्थ मात्र कृपया काढू नका.

खरी गल्लत झोपेपाशी होते. इसबाची खाज रात्री वाढते, नाक चोंदलं की मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं. झोपमोड झालेलं मोठं माणूस पेंगतं, मूल उलट जास्तच चुळबुळ करतं. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा: कधी झोपलं, खाजेने किती वेळा उठलं, घोरलं का, कोणतं औषध किती वाजता घेतलं. एडीएचडीच्या निदानाला लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसणारी लागतात. शिंकांच्या हंगामापुरतीच येत असतील तर आधी नाक तपासून घ्या. पण ऍलर्जी आहे म्हणून एडीएचडीची तपासणी लांबवू नका. दोन्ही असू शकतं, आणि मग दोन्हींवर उपचार लागतात.

—

वरच्या पत्राला औषधांची जोड देते. क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन या ऍलर्जीच्या जुन्या औषधांनी गुंगी येते, वर्गात लक्ष लागत नाही. लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या औषधांनी ते बरंच कमी. मॉन्टेल्युकास्ट या दमा-ऍलर्जीच्या गोळीवर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2020 मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला: चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी. गोळी कधी सुरू केली ती तारीख वहीत हवीच. बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवा. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध चालू असताना स्यूडोएफेड्रिनचं सर्दीचं औषध विचारल्याशिवाय देऊ नका, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. दम लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलच्या पंपानंतरची थरथर काही तासांत ओसरते, तिला एडीएचडी समजू नका. दम्याचा रोजचा पंप मात्र मनाने बंद करू नका.

नाकातला स्टेरॉइड स्प्रे बहुतेकदा चुकीचा मारला जातो. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. टोक मधल्या पडद्याकडे नाही, त्याच बाजूच्या कानाकडे. पडद्यावर बसला तर रक्त येतं आणि मूल दुसऱ्या दिवशी नाकच पुढे करत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी सोडू नका.